अंगठ्याशेजारचं बोट

माझं लग्न ठरवायला माणसं आली तेव्हा त्यांनी मला चालून दाखवायला सांगितलं नाही, भाकरी थापता येते का तेही विचारलं नाही. सासूनं खाली बसता बसता माझ्या बापाला विचारलं, "तुमच्यात गाठीनं किती गेली?"

गाठ म्हणजे प्लेग. त्या वेळी सोलापुरात कुणी फारसं प्लेग म्हणायचं नाही.

बापाला खोटं बोलता आलं असतं, पण आमची गल्ली बोलकी होती. तो म्हणाला, "तिघं. बायको आन् दोन पोरं. एका आठवड्यात."

"आन् ऱ्हायली किती?"

"मी आन् ही."

सासूनं नवऱ्या मुलाकडं, म्हणजे आपल्या थोरल्या लेकाकडं, बघितलं आणि म्हणाली, "रक्त कच्चं हाय."

माझा बाप भुसार मालाच्या पेठेत हमाली करायचा. पाठीवर ज्वारीची पोती वाहून त्याचा स्वभावही पोत्यासारखा झाला होता, टाकाल तिथं पडून राहायचा. पण त्या दिवशी तो बोलला. "रक्त कच्चं असतं तर मी कसा ऱ्हायलो? गाठ मलाबी आली हुती. ही बघा खूण." आणि त्यानं काखेतला वण दाखवला.

"ऱ्हायला ते तुमचं नशीब," सासू म्हणाली. "आमच्यात बघा. गावात चार डाव गाठ आली. आमच्या घराण्यात एक माणूस गेलं न्हाई. एकबी न्हाई. माझा मालक गेला, पर त्यो मानमोडीनं गेला. मानमोडी निराळी. गाठ आमच्या रक्ताला लागतच न्हाई."

ती हे अभिमानानं सांगायची, जसं दुसरं कुणी आपल्या वाड्याचं किंवा बागायतीचं सांगेल. त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतं. ती माणसं धनगर, तशी आम्हीही. पण आम्ही दोन पिढ्या शहरात राहिलेलो आणि ते सांगोल्याकडच्या कोरड्या मुलखातले, मेंढरांमागं फिरणारे. जर्मनची लढाई आणि तिच्या मागून आलेली मानमोडी, ती तापाची साथ, सरल्यावर त्यांच्या मेंढरांत रोग पडला. उरली ती त्यांनी विकली. त्यांना दुसऱ्या कुणी मुलगी दिली नसती, आणि मला दुसऱ्या कुणी केलं नसतं. असं आमचं लग्न ठरलं.

मी चौथी पास होते. मास्तर म्हणायचे, पोरीचं अक्षर चांगलं आहे. त्याचा सासरी काही उपयोग नव्हता.

लग्नानंतर वर्षभरात सगळे सोलापुरातच आले. नवऱ्याला गिरणीत काम मिळालं. गिरणीपासून जवळच एका चाळीत खोली घेतली. एक खोली, पुढं पडवी, वर कौलं. सासू पहिल्या दिवशी त्या खोलीच्या मधोमध उभी राहून चारी भिंतींना हात लावून आली. जन्म उघड्या माळावर गेलेला. लग्नानंतरची सगळी वर्षं तिनं घोड्याच्या पाठीवर संसार लादून आणि तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजून काढली होती. तिनं पहिल्यांदा काय केलं असेल तर ज्वारीचं एक पोतं आणून कोपऱ्यात उभं केलं. "घरात धान्य पाहिजे," म्हणाली. "हातावरचं आणून खाणं भिकाऱ्याचं." त्या पोत्याला टेकून ती बसायची आणि त्याच्याशेजारीच झोपायची.

मला दोन मुली झाल्या. थोरली जन्मली तेव्हा सासूनं आधी तिचं तोंड बघितलं नाही. पाय बघितले. त्यांच्या घराण्यात अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असायचं. माझ्या नवऱ्याचं तसं होतं, गावाकडं राहिलेल्या दिराचं होतं, मेलेल्या सासऱ्याचं होतं म्हणे. सुइणीच्या हातातून पोर घेऊन तिनं पायाची बोटं सरळ केली, आणि मग हसली. "आमची हाय," म्हणाली.

तीन वर्षांनी धाकटी झाली. तिची बोटं तिनं दोन्ही पायांची बघितली, परत बघितली. मग पोर माझ्या कुशीत ठेवली आणि म्हणाली, "ही आईवर गेली."

एवढंच. वाईट बोलली नाही. पण तिथून पुढं थोरली तिची झाली आणि धाकटी माझी. थोरली आजीच्या शेजारी, पोत्यापाशी झोपायची. तिला आजी म्हणायची, "तू धनगराची हायेस. तुला काय हुतंय?" पोर पडली, खरचटलं, तरी रडायची नाही. मला काय होतंय, म्हणायची. थोरलीच्या अंगात खरंच ताकद होती. धाकटीला दर पावसाळ्यात ताप यायचा.

आता इथं मला सांगितलं पाहिजे की हे रक्ताचं बोलणं एकट्या सासूचं नव्हतं. आमच्या चाळीच्या नळावर रोज हेच चालायचं. सोलापुरात तऱ्हेतऱ्हेची माणसं. चाळीत तेलुगू बोलणारे विणकर होते, कानडी बोलणारे लिंगायत होते, टांगेवाला मुसलमान होता, आम्ही होतो. आणि साथ आली की कुणाच्यात किती गेले ते सगळ्यांना ठाऊक असायचं. प्रत्येकाला वाटायचं, आपल्यात काहीतरी वेगळं आहे.

लिंगायत दुकानदाराची आई म्हणायची, "आम्ही मटण शिवत नाही. आमचं रक्त स्वच्छ."

"हमारे में गोश्त खाते, तो भी कुच नई होता," टांगेवाल्याची बायको म्हणायची. "घोडे के पास जो सोता उस कू गाठ नई आती. मालूम?"

"मग घोड्याला नवरा करून घे की," असं दुसरी कुणीतरी.

"किया ना. मेरा मरद और क्या है?"

सगळ्या हसायच्या. मग कुणीतरी म्हणायचं, साहेब लोकांना गाठ होत नाही, त्यांचं रक्त थंड मुलखातलं. त्यावर माझ्या शेजारणीचं, तेलुगू विणकराच्या बायकोचं, एक बोलणं मला आठवतं. तिचं मराठी तिच्या पद्धतीचं होतं. ती म्हणाली, "रक्त नाही अक्का. साहेब घरात पोता ठेवत नाही. त्याची भाकर बाजारातून येतो."

कुणी हसलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मीही घागर उचलून घरी गेले. आमच्या कोपऱ्यातलं पोतं मला रोज दिसत होतं.

थोरली सहा वर्षांची आणि धाकटी तीन वर्षांची असताना, दिवाळी होऊन थंडी पडली, आणि शहरात उंदीर पडायला लागले. आधी भुसार पेठेत. मग इकडं. उंदीर मरून पडले की माणसांनी समजायचं, आता आपली पाळी. दवंडी आली की घरं सोडून माळावर झोपड्या घाला आणि टोचून घ्या. अर्धी चाळ तिसऱ्या दिवशी उठली. बांबू, तट्टे, पत्रे गाडीत घालून शहराबाहेर गेली. शेजारणीच्या नवऱ्यानं हातमाग सुटा करून गाडीवर चढवला. ती मला म्हणाली, "अक्का, चल. आमच्या शेजारी जागा धरतो."

मी सासूला विचारलं. "आत्याबाई, जायचं का माळावर?"

ती पोत्याला टेकून तांदूळ निवडत होती. "मी जलमभर माळावर काढलंय," म्हणाली. "पाठीचा काटा मोडला माळावर. आता दोन भिंती मिळाल्यात तर परत तितंच जाऊ व्हय? आन् कशाला? आमच्या रक्ताला गाठ लागत न्हाई."

नवऱ्यानं मान खाली घातली. तो आईपुढं बोलणारा नव्हता. शिवाय त्यालाही ते खरं वाटत होतं. गिरणीत टोचून घ्या म्हणाले, तर त्यानं दंडाला हळदीची पट्टी बांधून, टोचलंय, दुखतंय म्हणून दाखवलं आणि सुटला. घरी येऊन सांगितलं तेव्हा दोघं मायलेक हसली.

दोन दिवसांनी पोत्यामागं मेलेला उंदीर निघाला. थोरलीनं दाखवला. सासूनं सांडशीत धरून बाहेर फेकला. "उंदरांचं रक्त कच्चं," म्हणाली. थोरलीला हे फार आवडलं. दिवसभर ती अंगणात तेच म्हणत होती.

मला हसू आलं नाही. मला माझ्या आईचे पाय दिसत होते. आईला गाठ आली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तिचे पाय चेपत बसले होते. मी ठरवलं, आपण टोचून घ्यायचं.

आता जे लिहायचं आहे ते नीट लिहिते, कारण याच्याबद्दल पुढं बरंच खोटं बोललं गेलं.

टोचणी जवळच्या शाळेच्या पडवीत चालू होती. सकाळी नवरा कामावर गेल्यावर मी धाकटीला कडेवर घेतलं. सासू पडवीत बसली होती. मी म्हणाले, "बापाकडं जाऊन येते." तिनं मान हलवली. तिनं अडवलं नाही. मी दोघींना नेते म्हणाले असते तरी अडवलं नसतं, आजोबाकडं नात न्यायला कोण अडवेल?

थोरली दारापर्यंत आली. "मीबी येते," म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. खरं सांगायचं तर मी तिच्या पायांकडं बघितलं. अनवाणी उभी होती. अंगठ्याशेजारचं बोट लांब, बापासारखं, आजीला पाहिजे होतं तसं. मी मनात हिशेब केला. टोचलं की हात सुजतो, दोन दिवस ताप येतो, हे मला ठाऊक होतं. हिला कशाला तो ताप? हिचं रक्त त्यांचं आहे. भीती आहे ती मला आणि धाकटीला, आमचं कच्चं. असा मी विचार केला. मी सासूच्या बोलण्याला घरात नाक मुरडत होते, आणि वेळ आली तेव्हा तेच मानलं. तिच्यापेक्षा जास्त मानलं.

"तू आजीपाशी थांब," मी म्हणाले. "तुला काय होतंय?"

ती परत गेली. रडली नाही. रडायची सवयच नव्हती.

शाळेच्या पडवीत रांग होती. स्पिरिटच्या चुलीवर सुया उकळत होत्या. कंपाउंडर एकेकाला पुढं ढकलत होता आणि म्हणत होता, "बाई, डोळे मिटा, मी काय तुमचं लग्न लावत नाही." धाकटीनं शाळा डोक्यावर घेतली. मला टोचलं. तिला टोचलं. डॉक्टरनं विचारलं, "घरात आणखी पोरं आहेत?" मी म्हणाले, "एक आहे." तो म्हणाला, "तिलाही आणा उद्या." मी बरं म्हणाले.

आणलं नाही. दुसऱ्या दिवशी मला ताप होता, हेही खरं. पण चौथ्या दिवशी नव्हता.

सासूनं माझा सुजलेला दंड बघितला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तिनं नुसतं विचारलं, "टोचून आलीस?"

"व्हय."

"बरं केलंस. तुमाला लागतंय ते." मग म्हणाली, "थोरलीला न्हेलं न्हाईस, ते शानपणाचं केलंस. उगं पोरीला तरास."

इतक्या वर्षांत सासूनं मला शहाणी म्हटलं ते एवढं एकदाच. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

आठ-दहा दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी थोरली पोत्यापाशीच झोपून राहिली. अंग भाजत होतं. संध्याकाळी म्हणाली, पाय जवळ घेता येत नाही. मी जांघेत हात घातला. गाठ सुपारीएवढी होती. मी सात वर्षांची असताना तशीच गाठ हातानं चाचपली होती, म्हणून मला दुसऱ्या कुणाला विचारावं लागलं नाही.

सासूनं मानलं नाही. "खेळताना लचक भरली आसंल," म्हणाली. तिनं गाठीवर गरम विटेनं शेकलं. दुसऱ्या दिवशी गाठ लिंबाएवढी झाली आणि पोर बरळायला लागली, तरी सासू म्हणत होती, "ही आमची हाय. ही उठंल." ती पोरीचे पाय धरून बसली होती. मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलं की ती घाबरलेली नाही. तिला खरंच वाटत होतं. मला ते बघवेना. मी चुलीपाशी जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी गिरणीचा भोंगा झाला तेव्हा पोर गेली. नवरा त्या भोंग्याला जेवायला घरी आला. खांद्यावर न्यायला चाळीत माणसं नव्हती. तो, टांगेवाला आणि माझा बाप, तिघांनी नेलं आणि पुरलं. नंतर म्युनिसिपालटीची माणसं आली. त्यांनी खोलीची कौलं उतरवली, ऊन आत यावं म्हणून. भिंतींवर औषध मारलं. पोतं उचलून नेलं. सासू बाहेर दगडावर बसून बघत होती. दोन भिंती मिळाल्यात म्हणाली होती, त्या दोन भिंतीच उरल्या होत्या, वर आभाळ.

आम्ही माळावर गेलो. शेजारणीनं जागा धरून ठेवली होती. तिनं काही विचारलं नाही. तट्टा बांधायला दोरी दिली. तिथं उन्हाळ्यापर्यंत राहिलो. धाकटीला काही झालं नाही. मला काही झालं नाही. नवरा आणि सासू यांनी टोचून घेतलं नव्हतं, तेही तसेच राहिले. त्यामुळं यातून काय शिकायचं ते मला तेव्हा कळलं नाही. एकाच छपराखाली पाच माणसं, गेली ती सगळ्यांत दणकट.

कळलं ते मिरगाच्या तोंडावर. सासूचा चुलत दीर मेंढरं घेऊन गावाकडं परत निघाला होता. वाटेत वाकडी वाट करून सोलापुरात आला, घोंगडी विकायला आणि आम्हाला भेटायला. म्हातारा आमच्या खोलीत घोंगडं टाकून बसला. पोर गेल्याचं त्याला तिथं कळलं. तो सासूला म्हणाला, "वैनी, आपल्यात गाठ आली कशी?"

सासूनं डाळीचं सूप पुढं ओढलं.

मी चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला आणि विचारलं. तोवर कुणी हे विचारलं नव्हतं, मीही नाही. "मामा, गावात गाठ येती ती कवा?"

"थंडीत. दिवाळी झाली की."

"आन् तवा तुमी कुटं असता?"

"आमी? आमी दसरा झाला की निघतो. मेंढरं घेऊन खाली भीमा-नीराकडं. कुणाच्या शेतात चार दिस, कुणाच्या शेतात आट दिस, मेंढरं बसवायची, खत द्यायचं, दाणं घ्यायचं. मिरगाला परत. आमी गावात आलो की लोक सांगत्यात, अमका गेला, तमकीची पोरं गेली..."

तो बोलत होता आणि बोलता बोलता हळू झाला. मग थांबला. कप खाली ठेवला.

"घरात कोण असतं तवा?" मी विचारलं.

"कुलूप असतं की गं पोरी."

कुलूप. आत दाणा नाही, उंदराला यायला कारण नाही. माणूस नाही, गाठीला यायला कारण नाही. चार वेळा गावात साथ आली आणि चारही वेळा ही माणसं गावातच नव्हती. परत आल्यावर त्यांनी गावातली मढी मोजली, आपल्यातलं एकही नाही बघितलं आणि म्हणाले, रक्त. ज्या माळाला सासू कंटाळली होती, त्या माळानं त्यांना राखलं होतं.

सासू डाळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. तिनं ऐकलं की नाही म्हणून मी तिच्याकडं बघितलं. ती निवडलेल्या डाळीतून परत खडे काढत होती.

त्या दिवसापासून तिनं रक्ताचं नाव काढलं नाही. नळावर इतर बायकांचं चालायचंच. कुणाचं गरम, कुणाचं थंड, कुणाचं पक्कं. पुढच्या हिवाळ्यात उंदीर पडायच्या आधीच सासू शाळेच्या पडवीत रांगेत पहिली उभी राहिली. कंपाउंडर तोच होता. त्यानं काही चेष्टा केली. तिनं बाही वर केली आणि दुसरीकडं बघत राहिली.

मधली दहा-बारा वर्षं सोडते. त्यांत गिरणी बंद पडली, चालू झाली, परत बंद पडली. मला आणखी मुलं झाली नाहीत. लोकांनी त्याचंही कारण रक्तात शोधलं.

धाकटी चौदा-पंधराची झाली तेव्हा तिला एक स्थळ आलं. मुलगा रेल्वेत होता. घर चांगलं होतं आणि पोरीला मुलगा पसंत होता, हे तिनं तोंडानं सांगितलं नव्हतं, पण मला कळत होतं. मुलाचा आजोबा बोलणी करायला आला. पटका, कानांत बाळ्या, आवाज मोठा. तोवर सासूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ती भिंतीला टेकून बसली होती. तिथं पोतं नव्हतं, आम्ही परत कधी आणलं नाही. धान्य लागेल तसं आणत होतो.

म्हाताऱ्यानं इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग विचारलंच. "घराण्यात गाठीनं कोण गेलंय?"

मला माझा बाप आठवला. काखेतला वण दाखवणारा. मी बोलणार तेवढ्यात सासू म्हणाली, "एक गेली. थोरली नात."

"टोचलं नव्हतं?"

"न्हाई."

"हिला टोचलं म्हणता, मग तिला का न्हाई?"

त्या घरात हे कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, बापानं नाही. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. धाकटी दाराआड उभी होती, तीही ऐकत होती. तिला तर तिची बहीण नीट आठवतही नव्हती. मी तोंड उघडलं. काय सांगणार होते? की मी पोरीच्या पायाचं बोट बघून ठरवलं? हे ऐकून या घरातली मुलगी कोण करून घेईल?

सासू म्हणाली, "मी न्हेऊ दिलं न्हाई. सून लई हातापाया पडत हुती, दोघींस्नी न्हेते म्हणत हुती. मीच आडवी पडले. माजीच अक्कल."

म्हातारा माझ्याकडं बघून म्हणाला, "बाईनं सोसलं." त्याचा आवाज मऊ झाला होता. मग म्हणाला, "आमच्यातबी दोन गेलेत. आता कुणाच्यात न्हाई गेलं सांगा."

मी उठून चहा करायला गेले. साखर दोनदा घातली.

लग्न तिथंच झालं. धाकटीचं बरं चाललं. सासू त्यानंतर दोन वर्षं जगली. शेवटी मीच तिला भरवत होते, धूत होते. एकट्या दोघी पुष्कळ वेळ असायचो. ती खोटं का बोलली, माझ्यासाठी की लग्न मोडू नये म्हणून, हे मी विचारलं नाही. तीही बोलली नाही. आमचं दोघींचं कधी गोड नव्हतं, शेवटीही नव्हतं. पण तिच्या पायांना तेल लावताना ती एकदा म्हणाली, "बोटं झाक गं. थंडी लागती." मी घोंगडं ओढलं.

आता धाकटीची मुलगी डॉक्टरकी शिकते. मध्ये ती एक कागद घेऊन आली. घराण्यात कोण कशानं गेलं, कोणत्या वयात, ते भरून पाहिजे होतं. ती म्हणाली, "आजी, एकाच साथीत एक घर उठतं आणि एक राहतं, एका मुलखातली माणसं जास्त मरतात, दुसरीकडची कमी, त्यात आईबापाकडून आलेलंही काही असू शकतं. लोक शोधतायत." मी म्हणाले, "असेल. पण त्यांना सांग, आधी विचारा, त्या महिन्यात ती माणसं कुठं होती. आणि झोपत कुठं होती." ती म्हणाली, तेही विचारतात. मग बरं.

मी कागद भरला. आई, भाऊ, भाऊ, गाठ. सासरा, मानमोडी. थोरली मुलगी, सहा वर्षं, गाठ. पुढं चार बोटं जागा होती. आमच्यात सगळ्यांना सांगितलं गेलं आहे ते तिलाही ठाऊक होतं, की पणजीनं मोठ्या मावशीला टोचू दिलं नाही. तिनं ते माझ्यादेखत लिहायला घेतलं. मी म्हणाले, राहू दे, मी वेगळं लिहून देते.

म्हणून हे लिहिलं. सासूनं अडवलं नव्हतं. मी कुणाच्या पाया पडले नव्हते. पोर दारापर्यंत आली होती आणि मी तिला परत पाठवलं.